ऐकणारा वगळून

आमच्या घरमालकांना शुगर आहे हे मला कळलं ते स्वतःचं रक्त तपासून घेतल्यानंतर.

बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्याजवळच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सकाळी जिन्यात भेटले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सर, आपल्याले शुगर निघाली. आता आपलं गोड बंद." मी साताऱ्याकडचा माणूस. आमच्याकडे कुणी अदबीनं 'आपल्याला' म्हणालं की ते समोरच्याला म्हटलेलं असतं. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यात किंवा चालण्यात यांना काहीतरी दिसलं असणार, अनुभवी माणूस आहे. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रक्त दिलं. रिपोर्ट स्वच्छ आला. तो घेऊन खाली गेलो तर म्हणाले, "तुम्हाले कुठून येईल शुगर? शुगर आपल्याले आहे ना!" आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग माझा रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि आतल्या खोलीकडे ओरडले, "अगं, ऐकलं का, आपला रिपोर्ट नॉर्मल आला!" त्या आनंदात त्यांनी वाटीभर दराबा खाल्ला. दराबा म्हणजे तुपात रवा-साखर फेटून केलेली इथली मिठाई. शुगरवाल्यानं ती लांबूनच पाहायची असते.

बुऱ्हाणपूरची मराठी खानदेशातून येते आणि वाटेत हिंदीच्या घरी मुक्काम करते. त्या मुक्कामात तिला 'अपन' हा शब्द मिळाला. अपन म्हणजे मी, अपन म्हणजे आम्ही, अपन म्हणजे तू-मी दोघं, आणि वेळ पडली तर अपन म्हणजे समोरचा एकटा. गावात सगळेच थोडंफार असं बोलतात, पण आमच्या घरमालकांनी त्याचं व्रत घेतलं होतं. त्यांच्या तोंडी 'मी' नव्हता, 'तुमचं' नव्हतं, 'त्यांचं' तर नव्हतंच. जगातल्या सगळ्या गोष्टी आपल्या.

त्यांचं दोर आणि ताडपत्रीचं दुकान होतं. गावाबाहेर बहादरपूरला केळीचा बाग होता. तो बाग त्यांनी इतक्या वेळा 'आपला' म्हटला की माझ्या बायकोनं माहेरी फोनवर सांगितलं, इथं आपली केळी आहेत. गल्ली त्यांना भाऊ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. हे नातं कसं जुळतं ते कुणी विचारत नसे. सकाळी पेपरातलं निधनाचं पान वाचून ते ओट्यावरून जाहीर करत, "आज आपले तीन गेले." गटार तुंबलं की नगरपालिकेत जाऊन म्हणत, "आपल्या दारात पाणी साचलं." ते दार शंभर पावलं पलीकडच्या कुणाचं तरी असे. साहेब घरी पाहायला यायचा आणि भाऊंचं अंगण कोरडं ठाक पाहून चिडून जायचा.

त्यांनी एक लग्नही असंच जमवलं. समोरचा शिंपी आपल्या पुतण्यासाठी खंडव्याकडे मुलगी पाहायला निघाला, तेव्हा भाऊ गाडीत बसले. कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण भाऊ सगळ्याच गाड्यांत बसत. चहा-पोहे झाले. मुलीच्या मामानं विचारलं, "मग, काय विचार?" पुतण्या घाबरून गप्प, शिंपी घसा साफ करतोय, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "आपल्याले पसंत आहे." मामानं हे 'आपल्याले' दोन्ही बाजूंचं धरलं आणि साखर वाटली. शिंपी सांगतो की त्याला अजून विचार करायचा होता. जोडपं आता बेताचं भांडतं, दोन मुलं आहेत. भाऊ त्यांना आपली नातवंडं म्हणत.

मी हे सगळं हसत सांगतो आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी कमी बोलणारा माणूस. एका खासगी शाळेत मराठी शिकवायला आलो होतो, आणि दोन वर्षांत परत जायचं असं इथल्या लालबागच्या स्टेशनवर उतरतानाच ठरवलं होतं. पुस्तकांची खोकी उघडली नव्हती. भिंतीत खिळा ठोकला नव्हता. भाऊंना हे कळेना. "सर, आपली पुस्तकं डब्यात काहून? ओल लागेल," म्हणत एका रविवारी त्यांनीच सुतार आणून फळ्या ठोकून घेतल्या. वर यायचे ते घंटी न वाजवता. सरळ स्वयंपाकघरात जायचे, फ्रिज उघडायचे आणि म्हणायचे, "आपल्याकडे दही नाही आज." मग खालून दही यायचं. बायकोला ते आवडायचं. मुलगी तर त्यांच्याच मांडीवर बोलायला शिकली, त्यामुळे माझ्या घरात, मराठीच्या मास्तराच्या घरात, 'अपन शाळेत नाही जाणार' असं बोललं जायचं. मी दुरुस्त करायचो. ती खाली जाऊन परत बिघडवून आणायची.

दोन वर्षांची कितीतरी झाली. बदलीसारखं काही खासगी शाळेत नसतं, आणि दुसरीकडे अर्ज करायचा तर आळस. तरी कुणी विचारलं की मी सांगायचो, "आम्ही तिकडचे." मुलगी दहावीला गेली त्या वर्षी माझे थोरले बंधू पुण्याहून आले. दादांचा स्वभाव ठरवून टाकण्याचा. ते चहा घेता घेता म्हणाले, "पोरीला पुण्याला माझ्याकडे पाठव. क्लास आहेत, कॉलेजं आहेत. इथं ठेवून काय केळी विकायला लावणार आहेस?"

भाऊ तिथंच दिवाणावर मांडी घालून बसले होते. घंटी न वाजवता आले होते, हातात चिरलेल्या पपईची ताटली. ते म्हणाले, "नाही, नाही. आपण नाही पाठवणार. आपली पोरगी लहान आहे अजून. बारावीनंतर इंदूरले पाठवू. इंदूरले आपला मुलगा आहे, सून आहे, चिंता नाही."

दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू, पण ऐकू जाईल इतपत हळू, विचारलं, "हे कोण?"

"घरमालक."

"मग घराबद्दल बोलू दे त्यांना."

मला लाज वाटली. कशाची, हे तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता कळतं. दादांना वाटेल की हा इथलाच झाला, याची मला लाज वाटली. मी हसून, वर्गात शिकवताना हसतो तसं हसून, म्हणालो, "भाऊ, एक गंमत सांगू? हिंदीत 'हम' एकच. मराठीत दोन आहेत. ऐकणारा धरून बोलायचं तर 'आपण'. ऐकणारा वगळून बोलायचं तर 'आम्ही'."

"मतलब?"

"मतलब, पोरगी आमची आहे. आपली नाही. काय ठरवायचं ते आम्ही ठरवू."

दादा मोठ्यानं हसले. बायको चहाचे कप उचलत होती, ती तशीच वाकलेली राहिली. सगळ्यात जास्त भाऊ हसले. "वाह! इतकी साल झाली, आपल्याले कोणी सांगितलंच नाही!"

"आपल्याला नाही, भाऊ. मला," मी म्हणालो.

"मले," ते म्हणाले.

त्यांनी आणखी दोन उदाहरणं मागितली. मी दिली. उतरताना जिन्यात ते पाठ करत होते ते आम्हाला वर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुठंतरी चिरका आवाज झाला. बायकोला वाटलं कुकरची शिट्टी बिघडली. मग कळलं, ती आमची घंटी होती. इतक्या वर्षांत ती कुणी वाजवलीच नव्हती. दारात भाऊ उभे होते, उंबऱ्याच्या पलीकडे. "आम्ही बहादरपुरले चाललो," ते म्हणाले. "तुमच्यासाठी केळी आणायची का?"

व्याकरण बिनचूक होतं. आयुष्यभर मुलांना शिकवत आलो, इतकं पटकन शिकणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

ते शिकले ते फक्त आमच्यापुरतं नाही. नियम म्हणजे नियम, तो सगळ्यांना लागू. आठवड्याभरात शिंपी माझ्याकडे आला. "सर, भाऊ आमच्यावर नाराज आहेत का? काल मले विचारलं, 'तुमच्या मुलीचं लग्न कधी?' तुमच्या! मागच्या महिन्यापर्यंत आपल्या मुलीचं होतं. आता पत्रिका काय पोस्टानं पाठवू?"

"वय झालं की होतं असं," मी म्हणालो.

त्या लग्नात भाऊ पाहुण्यासारखे आले. एरवी ते पहाटेपासून आचाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून "आपल्या भाजीत तेल जास्त झालं" म्हणून भांडायचे आणि आचारी त्यांना वधूचा बाप समजायचा. या वेळी इस्त्रीचा सदरा घालून आले, पाकीट दिलं, पंगतीत जेवले, 'छान झालं तुमच्याकडे' म्हणाले आणि गेले. शिंपी मांडवात मुलीपेक्षा जास्त रडला. लोकांना वाटलं, बापाचं काळीज.

चंद्रावर यान उतरलं त्या संध्याकाळी सगळी गल्ली ओट्यावर टीव्ही लावून बसली होती. 'आपण उतरलो, आपण उतरलो' असा गलका झाला. मीही ओरडलो. चंद्रावर गेलेल्या यंत्राला आपलं म्हणताना मला काही अडचण आली नाही. भाऊ माझ्या शेजारी सरकले. "सर, इथं काय बसेल? आपण का आम्ही?"

"आपण," मी म्हणालो.

"ऐकणारे धरून?"

"हो."

त्यांनी मान वळवून पाहिलं, ऐकणारे सगळे देशातलेच आहेत ना याची खात्री केली आणि म्हणाले, "आपण उतरलो." तोवर सगळे फटाके लावायला निघून गेले होते.

मुलीला मी पुण्याला पाठवलं. ते आम्हीच ठरवलं. निघताना ती खाली पाया पडायला गेली तर भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आईबाबांले फोन करत जा." ती रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाबा, भाऊ असं काहून बोलले? आधी सुट्टीत गावी निघाले की म्हणायचे, आपल्याले फोन करत जा." मी रिक्षावाल्याला जरा जोरात चल म्हणालो.

काकूंबद्दल मी अजून काही लिहिलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे मुद्द्यावर यायचं. त्या फार बोलत नसत. घरात बोलायचं काम भाऊंकडे आणि बाकीचं काम त्यांच्याकडे, अशी वाटणी होती. मुलगी गेल्यावर एका दुपारी त्या वर आल्या. मी एकटाच होतो, पेपर तपासत. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"सर, तुम्ही त्यायले काय शिकवलं?"

मी म्हणालो, "कुठं काय."

"मले म्हणतात, 'तुझ्या माहेरून फोन होता.' लग्न झाल्यापासून ते आपलं माहेर होतं. माझ्या भावाले वाटते दाजी रुसले. तो विचारते, कोणत्या गोष्टीवर रुसले? काय सांगू मी त्याले, व्याकरणावर?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"दिवसभर दुकानात बसतात. कोणाच्या घरी जात नाहीत. मी म्हटलं जा ना, शिंप्याकडे नातू झाला. तर म्हणतात, त्यायच्या घरचं आहे, आपण— मग थांबतात. मग म्हणतात, आम्ही कशाले जायचं." त्यांनी पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते. "तुम्ही मास्तर आहे ना? उलटं शिकवा त्यायले."

"बघतो, काकू," मी म्हणालो.

बघितलं ते असं. दोनेक दिवसांनी दुकानासमोरून जाताना थांबलो. भाऊ सुतळीचं बंडल गुंडाळत होते. "भाऊ," मी म्हणालो, "तसं सगळीकडे 'आपण' म्हटलं तरी चालतं."

"चालते कसं, सर? पोरानं पेपरात लिहिलं तर मार्क द्याल?"

मी म्हणालो, "नाही देणार."

"मग!" ते म्हणाले आणि खुशीत सुतळी गुंडाळू लागले. बरोबर उत्तर आलेल्या मुलासारखे.

आता खरं सांगतो. मी शिकवलेला नियम पुरता खरा नव्हता, आणि ते मला शिकवतानाही माहीत होतं. मराठीत दुसऱ्याच्या मुलीला 'आपली पोर' म्हणायची रीत आहे. परक्याच्या दुःखात 'आपलं माणूस गेलं' म्हणतात, त्यात काही चूक नसते. व्याकरणाची पुस्तकं 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यात रेघ ओढतात, माणसं ती रोज ओलांडतात, आणि मराठी त्यावरच चालते. हे मी त्यांना दुकानासमोर दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. कारण मला बरं वाटत होतं. घंटी वाजत होती. फ्रिज कुणी उघडत नव्हतं. रविवारी दुपारी झोप लागत होती. काकूंना 'बघतो' म्हणालो तेव्हाच मला ठाऊक होतं की मी नीट बघणार नाही. पुढं मलाच करमेनासं झालं, दाराशी पावलं वाजली की मी कान द्यायचो. पण तोवर भाऊंची मराठी पक्की झाली होती.

काकू गेल्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी अंघोळीला पाणी काढलं आणि तिथंच बसल्या, त्या उठल्या नाहीत. बायको आरडाओरडा ऐकून खाली धावली, तिच्यामागे मी. गल्ली दारात जमली. भाऊ बाहेर आले आणि म्हणाले, "आमची मंडळी गेली."

गल्लीत कुणी गेलं की तिथं काय करायचं हे एरवी भाऊंनी सांगायचं. 'आपली गेली' हे शब्द ते ओट्यावरून बोलले की कुणी बांबू आणायला पळे, कुणी डॉक्टरच्या दाखल्यासाठी, कुणी नातेवाइकांना फोन लावे. तो शब्द म्हणजे इथला हुकूम होता. त्या दिवशी सगळे हात मागं बांधून उभे राहिले. इतकी कामाची माणसं, पण आपण घरात शिरायचं की नाही हे कुणाला कळेना. शेवटी दुपारी इंदूरचा मुलगा आला आणि त्यानं एका कंपनीला फोन करून सगळं सामान मागवलं. तापीवर नेताना मी खांद्याला पुढं झालो. भाऊंनी मला थांबवलं नाही. बोलावलंही नाही.

परत आल्यावर बायकोनं पिठलं-भाकरी केली. ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. जेवण जवळचे लोक बाहेरून नेतात, त्याला कडू घास म्हणतात. तिनं डबा फडक्यात बांधला आणि आम्ही दोघं खाली गेलो. अजून उजेड होता. दार उघडंच होतं, तरी मी कडी वाजवली.

भाऊ आले. डब्याकडे पाहून बायकोला म्हणाले, "ताई, काहून त्रास घेतला? आमचं येऊन राहिलं. आमचे व्याही आणतात."

ते रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. आवाज साधा होता, थकलेला. त्यांनी मला त्या दिवशी दुखावण्यासाठी काही केलं असं मला वाटत नाही. ते दुखावले होते का, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी कधी विचारलं नाही. मी डबा पुढं केला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "भाऊ, आपली काकू गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात हुशार मुलानं सोपी चूक केली की आपण पाहतो तसं.

"आमची, सर," ते हळूच म्हणाले, आणि आत गेले.

आम्ही जिना चढायला लागलो. मध्यावर बायको थांबली. "हे परत घरात न्यायचं नसतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. इथंच खायचं."

ती पायरीवर बसली आणि तिनं फडकं सोडलं. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. जिना त्यांच्याच घराचा. खाली व्याह्यांची माणसं डबे घेऊन आली, त्यांच्यातल्या कुणीतरी वर पाहिलं आणि पुढं गेलं. भाकरी गार झाली होती, पिठल्याला साय धरली होती. बायकोनं शेवटची भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे दिली.

त्या रात्री आम्हीही वर गॅस पेटवला नाही. खाली ते कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.